एडिटर पाहावा बदलून

संगणकावर अक्षरं टाइप करायची, चुकलेली खोडायची आणि शेवटी फाइल सेव्ह करायची, एवढंच काम टेक्स्ट एडिटर नावाच्या वस्तूकडे असतं. त्याला नोटपॅड पुरतो. तो विंडोजबरोबर फुकट येतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो, आणि नोटपॅड शिकायला कुणी क्लास लावल्याचं ऐकिवात नाही. पण सॉफ्टवेअरमधल्या माणसाचं पुरणाऱ्या वस्तूवर समाधान होत नाही. त्याला वाढवता येणारी वस्तू लागते, आणि ती वाढवण्यात त्याची हयात जाते.

माझ्या धाकट्या मेहुण्याचं सगळं सुरळीत चाललं होतं. हिंजवडीत नोकरी, कोथरूडात स्वतःचा फ्लॅट, मुली सांगून येत होत्या. अशात, लोक गुरू करतात तसा त्याने ईमॅक्स केला. सासूबाईंना वाटलं, वडाळ्याला मोठ्या पडद्याचं थिएटर होतं, त्यात याने पैसे घातले. "अगं आई, तो आयमॅक्स," बायकोने समजावलं, "हे त्याच्या ऑफिसचं काहीतरी आहे." त्यातलं दुसरं वाक्य चूक होतं. ऑफिसने त्याला वेगळाच एडिटर दिला होता आणि तो उत्तम चालत होता.

ही लागण नेहमी शेजारच्या टेबलावरून होते. प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतो. त्याचा माउस ड्रॉवरमध्ये असतो. त्याच्या पडद्यावर मेनू नाहीत, बटणं नाहीत, नुसती काळ्यावर रंगीत अक्षरं. एक दिवस कुणीतरी सहज त्याच्या मागे उभं राहतं, तो चार कळा दाबतो आणि पन्नास फाइलींमधलं एक नाव एका दमात बदलतं. बघणारा तिथेच संपला. "दाजी, तुम्ही अजून माउस वापरता?" असं मेहुण्याने मला विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, खरी काळजी होती.

आता ईमॅक्सचं घराणं. १९७० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर होता. त्यात दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटेलच असं नसे. बहुतेक अक्षरं म्हणजे आज्ञा होत्या. त्यावरून त्या काळच्या प्रोग्रामरांत एक खेळ प्रसिद्ध होता. टेकोत आपलं नाव टाइप करायचं आणि फाइलीचं काय होतं ते पाहायचं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं संपूर्ण लिहायची पद्धत आहे. आपल्यापैकी कुणी हा खेळ खेळला असता तर प्रयोगशाळेत काही शिल्लक राहिलं नसतं.

या टेकोला ताळ्यावर आणण्यासाठी तिथल्या प्रत्येकाने आपापली मॅक्रो (आज्ञांच्या तयार जुड्या) लिहून घेतली होती, त्यामुळे एकाच्या खुर्चीत दुसरा बसला की त्याला काही सुधरत नसे. गाय स्टील याने ही सगळी मॅक्रो एका वळणात आणायला घेतली, रिचर्ड स्टॉलमन याने ते काम तडीस नेलं, आणि १९७६ मध्ये ईमॅक्स जन्माला आला. वाटप सहकारी तत्त्वावर: फुकट घ्या, पण सुधारणा केलीत तर ती परत पाठवा. (चेअरमन मात्र एकच, आणि निवडणूक नाही.) पुढे १९८४ मध्ये स्टॉलमनने जीएनयू ईमॅक्स लिहायला घेतला, १९८५ मध्ये तो लोकांच्या हाती आला आणि आज मेहुण्याच्या लॅपटॉपवर आहे तो त्याचाच वंश. म्हणजे हा प्रोग्राम मेहुण्यापेक्षा वयाने मोठा आहे. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना बदलायला सांगत नाहीत, लहानांनी बदलायचं असतं. ईमॅक्सची सगळी कीर्ती त्यात काहीही बदलता येतं अशी आहे; पण पहिल्या महिन्यात बदलतो तो वापरणारा.

त्याची सुरुवात बोटांपासून होते. शहाण्यासुरत्या माणसाची बोटं काही गोष्टी झोपेतही करतात. कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल-झेड म्हणजे झालं गेलं विसरा. ईमॅक्समध्ये कंट्रोल-सी दाबलं तर तो पुढच्या कळेची वाट बघत बसतो. कंट्रोल-व्ही दाबलं तर पान खाली सरकतं. कंट्रोल-एस दाबलं तर फाइल सेव्ह होत नाही, तो काहीतरी शोधू लागतो आणि काय शोधू म्हणून आपल्यालाच विचारतो. आणि घाबरून कंट्रोल-झेड दाबलं, की अख्खा एडिटर पडद्यावरून नाहीसा होतो. ईमॅक्सवाल्यांना याबद्दल बोललं तर ते शांतपणे सांगतात की आम्ही आधी होतो. ते खरंही आहे. कॉपी-पेस्टच्या या कळा ॲपलच्या यंत्रांमुळे १९८० च्या दशकात रूढ झाल्या. जगासारख्या कळा हव्या असतील तर त्याची सोय ईमॅक्समध्ये एका ओळीत होते. "मग ती ओळ टाक की," मी म्हटलं. "दाजी, मग ईमॅक्स घेऊन उपयोग काय?" तो म्हणाला. यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यांच्या काळात ईमॅक्स नव्हता. नाहीतर तिसरं वाक्य तेव्हाच जोडलं गेलं असतं. प्रत्येक ईमॅक्सवाल्याची एक कॉन्फिग फाइल असते. ते त्याचं बांधकाम. इथे मालक तोच, गवंडी तोच, आणि पाणी गळतं म्हणून रात्री तक्रार करायला येणारा भाडेकरूही तोच. आज रंग बदलायचा, उद्या फॉन्ट, परवा कुणाच्या तरी फाइलीत पाहिलेली एक खिडकी आपल्याकडे बसवायची. ती बसवली की दुसरीकडचं दार लागेनासं होतं. असं करता करता फाइल इतकी वाढते की कुठली ओळ कशासाठी लिहिली ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. तेव्हा तो दिवाळं जाहीर करतो. हा माझा शब्द नाही, त्या मंडळींत तो राजरोस चालतो. सगळं पाडायचं आणि पहिल्या विटेपासून सुरू करायचं. ज्यांच्यात तेवढी उमेद नसते त्यांच्यासाठी डूम ईमॅक्स, स्पेसमॅक्स असे रंगरंगोटी केलेले तयार फ्लॅट मिळतात. मेहुण्याने डूम घेतला, आणि ताबा मिळाल्या दिवशी आतल्या भिंती पाडायला काढल्या.

हे बांधकाम लिस्प या भाषेत चालतं. लिस्पमध्ये प्रत्येक गोष्ट कंसात लिहायची, त्या कंसात आणखी कंस, आणि शेवटच्या ओळीत ते सगळे एकापाठोपाठ मिटवायचे. मथुरेला एका कंसाने जेरीस आणलं होतं. इथे एका ओळीत सात सात असतात आणि एक जरी कमी पडला तरी सकाळी एडिटर धड उघडत नाही.

वापर काय होतो ते आमच्या सासुरवाडीच्या सोसायटीत दिसलं. गुरुवारी पाण्याची टाकी धुणार, अशी चार ओळींची नोटीस मराठीत टाइप करून हवी होती. लॅपटॉपवाला मुलगा म्हणून सेक्रेटरींनी ती मेहुण्याकडे दिली. त्याने ईमॅक्स उघडला. देवनागरी टाइप करायची सोय त्यात आहेच, पण इंग्रजी अक्षरांशेजारी मराठी अक्षरं बारीक दिसायला लागली. म्हणून देवनागरीचा फॉन्ट वेगळा ठरवला. तो मोठा केल्यावर वरच्या ओळीच्या उकारात खालच्या ओळीची वेलांटी अडकली. ओळींतलं अंतर वाढवलं तर प्रोग्रामचा मजकूर विस्कटला. मग वाचनात आलं की २०२० मधल्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतो आणि जोडाक्षरं चांगली येतात, म्हणून ईमॅक्स नव्याने बांधायला घेतला. बांधायचाच तर ताजा बांधावा. आणि २०२३ च्या एकोणतिसाव्या आवृत्तीत त्याला काय सापडावं, तर मोडी. आपली हेमाडपंतांच्या नावावर सांगितली जाणारी, दफ्तरखान्यात पडलेली मोडी, ईमॅक्समध्ये टाइप करता येते. तो इतका हरखला की त्याने रात्री मला फोन केला. मीही हरखलो, खोटं कशाला बोलू. जगाच्या दुसऱ्या टोकाला सुरू झालेल्या एका फुकट प्रोग्राममध्ये कुणीतरी बसून आपल्या मोडीची सोय करून ठेवावी, ही साधी गोष्ट नाही.

नोटीस शुक्रवारी लागली. टाकी धुऊन झाली होती, बिनपाण्याचा दिवस सगळ्यांनी काढला होता. नोटिशीची एक प्रत मोडीत होती. इमारतीत मोडी वाचणारं कुणी नाही, त्यामुळे तिच्यावर हरकतही आली नाही.

यावर माझ्यासारखे लोक हसतात, आणि हसावंही. पण ईमॅक्सच्या इतिहासातली एक हकीकत ऐकल्यापासून मी जरा जपून हसतो. बर्नार्ड ग्रीनबर्ग या गृहस्थाने १९७८ मध्ये मल्टिक्स या संगणकप्रणालीसाठी ईमॅक्स लिहिला. त्याच्या कार्यालयातल्या सेक्रेटरी बायका तो वापरू लागल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत ईमॅक्सला नव्या आज्ञा कशा शिकवायच्या ते होतं, मात्र याला प्रोग्रामिंग म्हणतात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही अशी त्या बायकांची पक्की समजूत होती. पण हे प्रोग्रामिंग आहे हेच ठाऊक नसल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत, आणि आपल्याला लागतील त्या आज्ञा लिहून मोकळ्या झाल्या. ही हकीकत स्टॉलमन स्वतः सांगतो. आपल्याकडे तर आधी सर्टिफिकेट कोर्स निघाला असता.

शरीराचंही थोडं सांगायला हवं. एमआयटीतल्या जुन्या लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवर कंट्रोलची कळ स्पेसबारच्या शेजारी, अंगठ्याजवळ होती. शिवाय मेटा, सुपर, हायपर अशा आणखी कळा होत्या. पुढे आपल्या नेहमीच्या कीबोर्डवर कंट्रोल गेली खालच्या कोपऱ्यात, करंगळीच्या वाट्याला. ईमॅक्सच्या आज्ञा मात्र होत्या तशाच राहिल्या. दिवसभर कंट्रोल दाबून दाबून ईमॅक्सवाल्यांची करंगळी धरते, आणि या दुखण्याला त्यांच्यात ईमॅक्सचंच नाव आहे. करंगळीवर गोवर्धन पेलणारा एकच होऊन गेला. बाकीच्यांना फिजिओथेरपी लागते. (कंस झाले, करंगळी झाली. एकूण या एडिटरात कृष्णचरित्र बरंच आहे.) जाणते लोक कॅप्स लॉकच्या कळेला कंट्रोल करून टाकतात. काहीजण कंट्रोलसाठी पायाखाली पेडल बसवतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी मेहुण्याला विचारलं, "तबला वाजवता का?" तो हो म्हणाला. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

ईमॅक्समध्ये एकदा शिरलेला माणूस बाहेर येत नाही, कारण बाहेर यायचं कारणच ठेवलेलं नाही. ईमेल आत, कामांच्या याद्या आत. त्या याद्यांसाठीची ऑर्ग मोड ही सोय कार्स्टन डॉमिनिक या नेदरलँड्समधल्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केली. ताऱ्यांचं काम सांभाळून. टेट्रिस आत. आणि डॉक्टरही आत. जोसेफ वायझेनबॉम याने १९६६ मध्ये एमआयटीत एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, माणसाचं बोलणं फिरवून प्रश्न म्हणून त्याच्याच पदरात टाकणारा. त्याच धर्तीचा मानसोपचारतज्ज्ञ ईमॅक्समध्ये बसलेला आहे. मेहुण्याने त्याला लिहिलं की आई लग्नासाठी मागे लागली आहे. त्याने तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, आणि मेहुण्याने पानभर सांगितलं. सासूबाईंना हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "यंत्राने विचारलं तर सांगतो. मी विचारलं की कानात बोळे घालतो."

दिनदर्शिकाही आत आहे, आणि ती साधीसुधी नाही. हिब्रू, इस्लामी, चिनी, फ्रेंच राज्यक्रांतीतली, एवढंच काय, माया लोकांची तारीखही ती सांगते. एका रविवारी जेवणानंतर मेहुण्याने हे सगळं आमच्या बैठकीच्या खोलीत सादर केलं.

"मग संकष्टी कधी आहे सांग," बायको म्हणाली.

"ताई, पौर्णिमा सांगतो तो."

"पौर्णिमा मला खिडकीतून दिसते. संकष्टी सांग. आणि चंद्रोदय."

मेहुण्याने लॅपटॉप मांडीवर ओढला. पौर्णिमा मिळते म्हणजे कृष्ण चतुर्थी काढता येईल. पुण्याचे अक्षांश-रेखांश दिले की ईमॅक्स सूर्योदय, सूर्यास्त सांगतो. चंद्राच्या मात्र कला सांगतो, उदय सांगत नाही. तेव्हा चंद्रोदयाचं गणित आपणच लिहायला हवं. तो लिहू लागला. चहा झाला. तिथी सूर्योदयाला धरायची की चंद्रोदयाला, यावर त्याने फोन करून एका मित्राला विचारलं, त्या मित्राने एका गुरुजींना विचारलं. बायकोने मान वळवून भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं आणि साबुदाणा कधी भिजवायचा ते ठरवून ती आत गेली. कालनिर्णय १९७३ चं. ईमॅक्सपेक्षा तीन वर्षांनी थोरलं, आणि त्याचा सेटअप म्हणजे एक खिळा.

ईमॅक्सवाल्यांचा एक पिढीजात भाऊबंदकीचा दावा आहे, तो सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. ईमॅक्सच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बिल जॉय याने व्हीआय हा एडिटर लिहिला. ब्राम मूलेनार याने १९९१ मध्ये त्याचा व्हिम केला. तोही फुकट, पण जमलं तर युगांडातल्या मुलांसाठी पैसे द्या, अशी विनंती त्यात लिहिलेली. व्हिमची दुसरी ख्याती अशी की त्यातून बाहेर कसं पडायचं या एका प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिलं गेलं होतं. ईमॅक्स आणि व्हीआय या दोन घराण्यांत सुरुवातीपासून बेटीव्यवहार नाही. स्टॉलमन तर गमतीने झगा घालून, डोक्यामागे जुन्या संगणकाची तबकडी प्रभावळ म्हणून लावून ईमॅक्सचा संत होतो आणि निवाडा देतो: व्हीआयची मुक्त आवृत्ती वापरणं हे पाप नाही, प्रायश्चित्त आहे.

मेहुणा मुलगी बघायला गेला तेव्हा पोहे झाल्यावर दोघांना गच्चीत पाठवलं. ती व्हिमवाली निघाली. खाली बसलेल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, वर आवाज चढलाय म्हणजे मोडलंच. पण घरी आल्यावर मेहुण्याने काय केलं, तर ईमॅक्समध्ये ईव्हिल नावाचं पॅकेज चालू केलं. त्याने ईमॅक्सच्या आत व्हिमच्या सगळ्या कळा चालतात. विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग मानणाऱ्या मुलखात याचं नवल वाटायला नको. पत्रिका अजून दिलेल्या नाहीत. कॉन्फिग फाइली मात्र एकमेकांकडे गेल्या आहेत, आणि तिने त्याच्या फाइलीतले तीन बग काढून पाठवलेत, असं बायकोच्या कानावर आलं आहे.

कामाचा वेग वाढेल म्हणून मी एडिटर बदलला, असं मेहुणा सांगतो. हे शुद्ध थोतांड आहे. एका कळेने वाचलेले दोन सेकंद वसूल व्हायला त्याला निवृत्त होईपर्यंत तीच कळ दाबावी लागेल. पण माझ्या फोनवरचं बँकेचं ॲप दर दोन-तीन महिन्यांनी मला न विचारता बदलतं. काल जिथे शिल्लक दिसत होती तिथे आज कर्ज घ्या असं लिहिलेलं असतं, आणि पासबुक कुठे गेलं ते विचारायला शाखेत जावं तर तिथली मुलगी म्हणते, ॲपमध्येच आहे, बघा. लिहायची सॉफ्टवेअरंसुद्धा आता महिन्याच्या भाड्याने मिळतात. या सगळ्यात मेहुण्याकडे एक वस्तू अशी आहे की तिच्यातली कळ त्याने हलवल्याशिवाय हलत नाही, आणि जी मोडते ती त्यानेच मोडलेली असते. वेगासाठी म्हणत असाल तर ईमॅक्स घेऊ नका. एवढ्यासाठी घेणार असाल तर मी तुम्हाला अडवणार नाही. करंगळी तेवढी सांभाळा.

आणि तुमच्या घरात कुणी आधीच घेतला असेल, आणि नेमकं घाईच्या वेळी त्याच्या लॅपटॉपवर काही टाइप करायची वेळ तुमच्यावर आली, तर पुढच्या तीन ओळी कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. सेव्ह करायला: कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस. काहीतरी भलतंच सुरू झालं तर: कंट्रोल-जी, शांत होईपर्यंत. बाहेर पडायला: कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-सी.